पितृपक्षातला लिलाव

आमच्यात पितर नसतात. लिंगायताच्या घरात माणूस गेला की तो लिंगैक्य झाला, शिवात मिळून गेला. मग त्याला दरवर्षी कावळ्याच्या तोंडानं जेवायला बोलवायचं कशाला? मी लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले तेव्हा भाद्रपदात शेजारपाजारच्या घरांतून खीर-वड्यांचा वास यायचा आणि आमच्याकडं रोजची भाकरी अन् शेंगाचटणी. सासूबाई म्हणायच्या, "आपली मानसं पोचली गं, ती मागं वळून बगत न्हाईत." आमच्या ह्यांना तर त्या पंधरवड्याची गंमतच वाटायची. गल्लीत कुणाच्या माळवदावर पान ठेवलेलं दिसलं की खालून ओरडायचे, "काका, कावळ्याला म्हनावं आमच्याकडं बी ये, पन भाकरी हाय!" लोक हसायचे. हे होतेच तसे चेष्टेखोर, नकला करण्यात पटाईत. मिरवणूक असो नाहीतर मयत, माणसं ह्यांच्याभोवती गोळा व्हायची. या चेष्टेनंच पुढं आमचा घात केला.

सत्तर सालाच्या पुढची ती वर्षं. ह्यांची गिरणी बंद पडली. आधी आज उघडेल उद्या उघडेल असं चाललं, मग एक दिवस हिशेब करून फंडाचे पैसे हातात दिले आणि घरी बसवलं. गिरणीत हे जॉबर होते, म्हणजे मागांवर देखरेख, बिघाड झाला की दुरुस्ती. घरी बसलेला पुरुष सांभाळणं काय असतं ते ज्या बाईनं केलंय तिलाच विचारा. सकाळी उठायचे, गिरणीच्या वेळेला आवरायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. भोंगा वाजत नव्हता तरी मान वर करून ऐकायचे. मला त्यांचा राग यायचा आणि दया यायची, दोन्ही एकदमच यायचं.

अशात कुणीतरी खबर आणली की अक्कलकोट रोडला एक पॉवरलूमचं शेड लिलावात निघतंय. चादरी-टॉवेल काढायचे माग, पत्र्याचं छप्पर, मागं विहीर. मालकानं बँकेचं कर्ज घेतलं होतं, ते फिटलं नाही, बँक कोर्टात गेली आणि कोर्टानं लिलाव लावला. हे सायकलवर जाऊन शेड बघून आले. आले ते वेगळेच. जेवताना मधेच हात थांबवून म्हणाले, "दुसऱ्याचे माग लई चालवले गं. सोताच्या मागाचा आवाज कसा येतोय, एकदा ऐकायचा हाय." त्या एका वाक्यावर मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. सासूबाईंनी मात्र आधी हात आखडला. "ब्याड बाळा, ब्याड," म्हणत राहिल्या. घाबरल्या की त्या कानडीवर यायच्या, आणि नको म्हणायचं असलं की एकच शब्द दहादा. पण लेकाचं तोंड बघून त्यांनीही शेवटी गोट आणि बोरमाळ काढून दिली. गळ्यातलं लिंग तेवढं राहिलं.

लिलावाची अट सगळ्यांना माहीत असते तीच. बोली ज्याच्यावर सुटेल त्यानं पाव रक्कम जागेवर मोजायची, उरलेली पंधरा दिवसांत कोर्टात भरायची. नाही भरली तर पाव रक्कम जप्त आणि माल पुन्हा लिलावात. आमचं गणित असं होतं की फंडाचे पैसे आणि सोनं मिळून ती पाव रक्कम होईल. बाकीच्यासाठी राहतं घर विकायचं आणि शेडच्याच मागं दोन खोल्या टाकून राहायचं. घराला गिऱ्हाईकही होतं. नव्या पेठेत भांड्यांचं दुकान असलेला एक भला माणूस होता. भाड्याच्या जागेत आईला घेऊन राहायचा, त्याला आमचं घर मनापासून आवडलं होतं. ऐन गणपतीत येऊन तो नारळ आणि सव्वा रुपया देऊन गेला. म्हणाला, "पैशे तयार हायत, तुमी म्हनाल तवा."

लिलाव नेमका पितृपक्ष लागला त्याच दिवशी आला. हे सकाळी पिशवी घेऊन गेले आणि दुपारी पेढे घेऊन आले. ओट्यावरूनच हसत सुटले होते. "अगं, कोर्टाचा बेलीफ, बँकेचा सायब आन् मी! आनि दोन-चार आले व्हते, पन बोली चढायच्या आदीच त्यांना पंचांग आठवलं. या पंधरवड्यात लोखंड कोन घेनार, शेड कोन घेनार! एक वार, दोन वार, तीन वार, सुटली की माज्यावर. निम्म्या भावात म्हन की. सगळ्यांना त्यांचे पितर आडवे आले. आपल्याला कोन आडवं येतंय?" आणि टाळीसाठी हात पुढं केला. मी पण दिली टाळी. का नाही देणार? त्या दिवशी आमच्या घरात किती महिन्यांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं.

संध्याकाळी हे नव्या पेठेत गेले, घराचा कागद करून टाकू म्हणून सांगायला. परत आले ते टोपी काढून ओट्यावरच बसले. दुकानदार म्हणाला होता, "पितृपक्षात घराचा व्यवहार? आई उभं ऱ्हाऊ द्यायची न्हाय. घटस्थापनेला सकाळी या, रोख देतो." मी म्हटलं, "अहो, पंधरा दिवसांत भरायचेत न्हवं?" तर मलाच शहाणपण शिकवायला लागले. "पंधरवड्याचाच वायदा हाय की. आमावास्येला पंधरवडा सरतोय, दुसऱ्या दिवशी घट बसतोय. पेटेत कुनी आमावास्येला पैशे मागतंय का? प्रतिपदेलाच देत्यात."

आणि ते खरंच होतं. आमच्या पेठेत पंधरवड्याची उधारी म्हटली की अमावास्येला कुणी तगादा करायचा नाही आणि कुणी द्यायचंही नाही. अमावास्येला घरातनं लक्ष्मी बाहेर काढायची नसते. पंधरवडा उलटल्यावर पहिल्या सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची आणि मग देणं मोकळं करायचं. सूतवाले, रंगवाले, किराणावाले सगळे असेच वागायचे आणि कुणाचं कधी बिघडलं नाही. ह्यांचे वडील तसेच, आजे तसेच. कोर्टाचा पंधरवडा वेगळा असतो हे त्यांना कोण सांगणार? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढूच नये, पण चढलाच तर निदान कोर्टात दिवस कसे मोजतात ते तरी विचारून घ्यावं.

ते पंधरा दिवस ह्यांनी शेडमध्ये माग कसे मांडायचे यात घालवले. घरातल्या जमिनीवर कोळशानं रेघा मारायचे. हा इथं, तो तिथं, इथं तू बसून सुताच्या कांड्या भरायच्या. मी पुसायला गेले की ओरडायचे, "अगं, माग पुसलास की माजा!" एवढ्या हौसेनं कुणी लग्नाचा मांडवसुद्धा आखत नसेल.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी आमच्या शेजारी राहणारे, वकिलाकडं कारकून असलेले गृहस्थ ओट्यावर आले. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "भरले का हो पैसे? आज शेवटचा दिवस ना?" हे हसले. "उद्या भरतोय की." कारकुनांचा चेहरा एकदम बदलला. म्हणाले, "उद्या? उद्या नाही चालायचं. आज कोर्ट बंद व्हायच्या आत. उद्या गेलात तर पाव रक्कम सरकारजमा." 

मी हातातलं पीठ तसंच टाकलं. हे आणि मी दोघं टांग्यानं नव्या पेठेत. पायात चपला होत्या की नव्हत्या ते आठवत नाही.

दुकान बंद होतं, वरच घर. सगळ्या घरात खिरीचा वास. दुकानदाराची आई, म्हातारी, माळवदावर पान मांडत होती. खीर, वडे, अळूची भाजी, सगळं सोवळ्यात. आम्ही हकिगत सांगितली. दुकानदार उठून कपाटाकडं जायलाच निघाला होता. म्हातारीनं नुसता हात वर केला. "घराचा पैसा हाय त्यो. पितर दारात जेवायला बसल्यात आन् घर घेतोस? मग त्ये घर त्यांचं व्हतंय, आपलं न्हाय." 

मी पदर पसरला. खोटं नाही सांगत, खरंच जमिनीवर पसरला. आयुष्यात आईबापापुढं पसरला नव्हता. म्हटलं, "आजी, माझ्या सासूच्या गळ्यातलंसुदा गेलंय हो त्यात." म्हातारी दगड नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून ती म्हणाली, "कावळा शिवू दे. त्यांचं पोट भरलं, त्ये माघारी गेले, की म्या सोता पिशवी हातात देते. शबूद हाय माजा."

बसलो. दुसऱ्याच्या माळवदावर, दुसऱ्याच्या पितरांच्या पानापुढं, कावळ्याची वाट बघत बसलो. आता सर्वपित्रीला कावळ्याला काय तोटा? घरोघर पानं मांडलेली. त्या दिवशी सोलापुरातल्या कावळ्याइतकं सुखी कुणी नसतं. माळवदामागून माळवद खीर, वडे, घारगे. कुठं कुठं चोच लावायची? एक आला, कठड्यावर बसला, पानाकडं बघितलं, चोच घासली आणि उडून गेला. त्याची मान मुरगाळावी असं वाटलं मला. मेल्या, एक घास खाल्लास तर काय मरशील का? दुसरा आला तोही तसाच. ऊन उतरायला लागलं. खाली रस्त्यावर बाजाराची गर्दी वाढली. कोर्टाची वेळ संपत चालली होती आणि आम्ही आभाळाकडं तोंड करून बसलो होतो.

आणि मग हे उठले. ज्या माणसानं जन्मभर खालनं कावळ्यांची चेष्टा केली, तो माणूस पानापुढं जाऊन उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "आजोबा, तुमी कोन, कसले, मला ठावं न्हाय. तुमच्या घरातला बी न्हाय मी. पन जेवा की ओ. दोन घास खावा. माजा संसार अडकलाय तुमच्यापाशी." मग तोंडाला हाताचा आडोसा करून "काव, काव" करायला लागले. शेजारच्या माळवदावरनं कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, हे नेहमीसारखी नक्कल करताहेत. दुकानदारानं तोंड फिरवलं. म्हातारी नुसती माळ ओढत बसली होती.

कावळा शिवला. नाही असं नाही. दिवस बुडायला आला तेव्हा एक मोठा डोमकावळा आला आणि वडा उचलून गेला. म्हातारी लगेच उठली, शब्दाला जागली. न मोजता पिशवी आणून ह्यांच्या हातात दिली. म्हणाली, "कागद उद्या करू, पळ." पळून जाणार कुठं? कोर्टाला केव्हाच कुलूप लागलं होतं. तरी गेलो. बंद दाराला हात लावून आलो.

दुसऱ्या दिवशी, घट बसायच्या सकाळी, दार उघडायच्या आधी आम्ही कोर्टात हजर. खिडकीतल्या माणसानं पैशाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "काल भरायचे होते." हे म्हणाले, "सायब, सगळे हायत. एक पैसा कमी न्हाय." तो म्हणाला, "कमी-जास्तीचा प्रश्न नाही हो, तारखेचा आहे." शेजारच्या कारकुनांनी त्यांच्या वकिलांना गळ घातली. वकिलांनी अर्ज केला, जज्जसाहेबांपुढं उभे राहिले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कावळ्याचंसुद्धा. मग म्हणाला, कायद्यात एक दिवसही वाढवून द्यायची सोय नाही, माझ्याही हातात नाही. पाव रक्कम सरकारजमा. शेडचा फेरलिलाव.

मला अजून कळत नाही हो. ज्याचं कर्ज होतं त्याच्या कर्जात ते पैसे वळते झाले असते तर म्हटलं असतं, जाऊ दे, एका बिचाऱ्याचं ओझं तेवढं हलकं झालं. बँकेला मिळाले असते तरी म्हटलं असतं की तिचे बुडाले होते. तेही नाही. सरकारजमा! सरकारला माझ्या पाटल्यांचं काय करायचं होतं? सासूबाईंच्या बोरमाळेशिवाय सरकारचं कुठं अडलं होतं? आणि ह्यांनी त्या गिरणीत ज्या फंडासाठी आयुष्य घासलं तो फंड, एक रात्र उशीर झाला म्हणून गेला. तेल गेलं, तूपही गेलं. हातात धुपाटणंसुद्धा राहिलं नाही.

दुकानदाराचे पैसे तसेच्या तसे परत दिले. घर राहिलं. लोक म्हणाले, घर वाचलं हे नशीब. मी म्हणते, असलं नशीब तुमच्या वैऱ्याला मिळो. त्या घरात जमिनीवर कोळशाच्या रेघा होत्या आणि त्या आता मला पुसवत नव्हत्या. हे त्यांच्यावर पाय न देता चालायचे. चेष्टा तर सोडाच, बोलणंही बंद झालं. पोरं मुद्दाम येऊन म्हणायची, "काका, ती कावळ्याची नक्कल करा की." हे त्यांच्याकडं बघत बसायचे. सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "सोनं जाऊ दे गं यव्वा. माजं लेकरू परत आन." ते मला कुठनं आणता येणार होतं?

दसऱ्याला नव्या पेठेतली म्हातारी आली. नव्या पेठेपासून चालत, धापा टाकत. तिला चुटपुट लागली असावी. आपट्याची पानं घेऊन आली होती. माझ्या हातात दिली, "सोनं घे बाई, सोन्यासारखी ऱ्हा," म्हणाली आणि माझ्या रिकाम्या मनगटाकडं तिची नजर गेली. तिनं ह्यांच्याही हातात पानं ठेवली. ह्यांनी ती नीट एकावर एक लावली आणि खुंटीवरच्या त्याच पिशवीत घातली, जिच्यातनं पाव रक्कम नेली होती. मी म्हटलं, देवापुढं ठेवा. ऐकलं नाही.

दिवाळी झाली आणि फेरलिलाव लागला. हे सकाळी आवरून, टोपी घालून, ती पिशवी काखेत मारून निघाले. मी म्हटलं, "कुटं?" म्हणाले, "बगून येतो." मला एकटं सोडवेना. मीही मागोमाग गेले.

अक्कलकोट रोडला त्या शेडपुढं जत्रा भरल्यासारखी माणसं होती. पितृपक्षात घरी बसलेले सगळे आले होते, कपाळाला गंध लावून. मी कडेला बाभळीखाली उभी राहिले. दार उघडं होतं आणि आतले माग दिसत होते. ते मी तेव्हाच पहिल्यांदा बघितले. ह्यांनी जमिनीवर आखले होते तसेच होते, फक्त धुळीनं भरलेले.

बेलीफ तोच होता. त्यानं अट वाचून दाखवली, पाव रक्कम जागेवर, बाकी पंधरा दिवसांत. बोली सुरू झाली आणि बघता बघता आमच्या आकड्याच्या कितीतरी वर गेली. माणसं हसत होती, एकमेकांना डिवचत होती, तंबाखू मळत होती. शेवटी एकाच्या बोलीवर सगळे गप्प झाले. बेलीफ म्हणाला, "एक वार." मग "दोन वार."

"थांबा सायब," म्हणत हे गर्दीतनं पुढं गेले. लोकांनी वाट दिली. ह्यांनी काखेतली पिशवी काढली, हात घातला आणि आपट्याची ती वाळलेली पानं बेलीफापुढं धरली. दोन्ही हातांची ओंजळ करून धरली. म्हणाले, "हे धरता का? सोनं हाय."

मग कुणीतरी ह्यांना ओळखलं, "अरे, शुक्रवार पेटेतला त्यो नकल्या!" आणि हशा उसळला. बेलीफही हसला. हसत म्हणाला, "मालक, दसरा झाला की आता." लोक पोट धरून हसायला लागले. मी त्यांच्याकडं बघत होते. बावीस वर्षं संसार केला होता मी त्या माणसाबरोबर. चेष्टा करताना त्यांची डावी भुवई वर जायची. ती गेली नव्हती. ते ओंजळ तशीच धरून उत्तराची वाट बघत होते.

मी गर्दीत शिरले, त्यांचं मनगट धरलं आणि "चला घरी" म्हटलं. ते लहान मुलासारखे आले. रस्त्याला लागलो तेव्हा मागून बेलीफाचा आवाज आला, "तीन वार."